वयाचं आहे, जाईल

माझ्या पाठीवरचे मुरूम घरात कुणालाच माहीत नव्हते. चेहऱ्यावरचे सगळ्यांना दिसत होते आणि त्यावर सगळे बोलतही होते. पण पाठीवरचे, खांद्यांवरचे, ते गाठीसारखे, रात्री कूस बदलली की ठणकणारे, ते फक्त मला आणि माझ्या शर्टांना ठाऊक होते. शाळेतून घरी आलो की शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. सोडवताना खपली निघायची आणि आतल्या बाजूला रक्ताचा, पिवळट पाण्याचा डाग उमटायचा. सोळा वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी आपला शर्ट आपण धुतो म्हणून आईला माझं कौतुक वाटायचं. रक्ताचा डाग थंड पाण्याने निघतो आणि गरम पाण्याने पक्का बसतो, हे मी त्या वर्षी शिकलो.

त्याच वर्षी मी पोहणं सोडलं. पोहायला मला फार आवडायचं. का सोडलंस असं विचारलं तेव्हा म्हणालो, अभ्यास आहे.

आज चाळिशी उलटून गेली आहे. मुरूम जाऊनही पंधरा वर्षं झाली, पाठीवर आता नुसते खड्डे उरलेत. पोहायला मात्र मी अजून गेलेलो नाही.

त्या वर्षांत मला भेटलेल्या जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाने एकच वाक्य ऐकवलं, आणि त्यात दोन डॉक्टरही होते: ‘वयाचं आहे, जाईल.’ प्रेमाने म्हणायचे, धीर द्यायला म्हणायचे. पण माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य आपण आता तोंडातून काढायचं थांबवलं पाहिजे. त्वचेबद्दल ते पुष्कळदा खरं ठरतं. माणसाबद्दल ते खोटं आहे. मुरूम कधी जातील याची वाट बघता येते, पण सोळावं, सतरावं, अठरावं वर्ष आपल्यासाठी वाट बघत बसत नाही. मैत्री जमायची, चारचौघांत बोलायला शिकायचं, आपण कसे आहोत हे ठरवायचं, हे सगळं याच वर्षांत व्हायचं असतं आणि नेमकी हीच वर्षं माणूस भिंतीकडे तोंड करून काढतो.

यात आपल्या भाषेनेही थोडी भर घातली आहे. पुस्तकी मराठीत मुरुमांना तारुण्यपीटिका म्हणतात. शब्द देखणा आहे, पण तो आजाराचं नाव सांगता सांगता त्याचं कारण आणि शेवटही सांगून टाकतो. तारुण्याबरोबर आलं, तारुण्याबरोबर जाईल, मग उपचार कशाला? वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत विशी ते तिशीच्या बायकांपैकी निम्म्या जणींनी आपल्याला मुरूम येतात असं सांगितलं, आणि चाळीस ते एकोणपन्नास वयोगटात हे प्रमाण २६ टक्के होतं. पस्तिशीतल्या बाईच्या हनुवटीवर दर महिन्याला उठणाऱ्या गाठीला तारुण्याचं लक्षण म्हणून तिला कोणता दिलासा मिळणार आहे? उलट ‘या वयात?’ हा प्रश्न तिला वेगळा ऐकावा लागतो. शिवाय मुरूम गेले तरी ते खूण न ठेवता जातीलच असं नाही. खोलवरचे, दुखरे मुरूम जितके दिवस उपचाराविना राहतात तितका कायमचे व्रण पडण्याचा धोका वाढतो. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर तर साधी पुटकुळीही जाताना काळा डाग मागे ठेवते, आणि तो डाग महिनोन् महिने हलत नाही. म्हणजे ‘जाईल’ हे त्वचेबद्दलसुद्धा अर्धंच खरं.

बारा ते चोवीस या वयातल्या सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक मुरूम येतात. २०१० सालच्या जागतिक आकडेवारीत मुरूम हा जगातला आठव्या क्रमांकाचा सर्वांत जास्त आढळणारा आजार ठरला होता, एकूण लोकसंख्येच्या ९.४ टक्के लोकांना असलेला. या आकड्यांचा आपण काढलेला अर्थ असा की जे सगळ्यांनाच होतं त्याचं काय एवढं घेऊन बसायचं. मला हा तर्क कधीच कळला नाही. दातही सगळ्यांचेच किडतात, म्हणून दातदुखीला कुणी हसून सोडून देत नाही.

शरीरात नेमकं काय घडतं ते एकदा सरळ सांगतो, कारण मुरूम असलेल्या माणसाच्या मनावरचं बरंचसं ओझं गैरसमजांचं असतं. वयात येताना शरीरातली अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात आणि त्वचेतल्या तेलग्रंथी मोठ्या होऊन जास्त तेल सोडू लागतात. केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक नळीच्या अस्तरातल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या त्या एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू त्या बंद जागेत फोफावतो आणि तिथे दाह सुरू होतो. हे सगळं त्वचेच्या आत चालतं, साबण तिथवर पोहोचतच नाही. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांचा काळा रंगसुद्धा मळाचा नसतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन आणि हवेशी संयोग झालेलं तेल यांचा तो रंग. २००२ साली ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासातून असं दिसलं की कुणाला मुरूम जास्त येतात आणि कुणाला कमी, या फरकातला सुमारे ८१ टक्के भाग आनुवंशिकतेचा आहे. उरलेल्या भागात आहाराचा काही वाटा असेलही. पण कुणाच्या ताटाकडे बघून ‘म्हणूनच येतात तुला’ म्हणायला त्याचा आधार घेता येणार नाही.

हे मला सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर? भर वर्गात एक शिक्षक मला म्हणाले होते, ‘तोंड धुऊन येत जा रे.’ वर्ग हसला. मी त्या दिवसांत रोज सात वेळा तोंड धूत होतो. गालांची सालं निघत होती, हसलं की ओठांच्या कडेला कातडी तडतडायची. तरी त्या दिवशी घरी जाऊन मी आठव्यांदा तोंड धुतलं. कारण ते म्हणाले ते माझ्या मनात आधीपासूनच होतं: काहीतरी माझंच चुकतंय.

मुरुमांनी मनावर केलेली पहिली आणि सगळ्यांत खोल जखम ही आहे. दुखण्याचं रूपांतर दोषात होतं. हात मोडला तर माणूस गळ्यात झोळी अडकवून उजळ माथ्याने फिरतो. चेहऱ्यावर फोड आले की तो गुन्हेगारासारखा वावरतो. आपल्या भाषेत तर अपराधाचे सगळे वाक्प्रचार चेहऱ्यावरच येऊन बसलेत. तोंड लपवणं, तोंड काळं करणं, तोंड दाखवायला जागा न उरणं, कोणत्या तोंडाने जाऊ. ज्याला खरोखरच तोंड लपवावंसं वाटतं त्याला भाषा आधीच सांगून ठेवते की असं कुणाला वाटतं.

डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. मॅरियन सल्झबर्गर या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने एका सहकारी डॉक्टरसोबत १९४८ सालीच लिहून ठेवलं होतं की मनावरचा आघात, आईवडील आणि मुलांमधले बेबनाव, असुरक्षितता, न्यूनगंड हे सगळं मोजलं तर मुरुमांएवढं दुःख देणारा दुसरा आजार बहुधा नसेल. पुढे मोजमापंही झाली. १९९९ साली ब्रिटनमध्ये १११ रुग्णांना त्यांच्या जगण्याबद्दल सविस्तर प्रश्न विचारले गेले. त्यांनी सांगितलेला सामाजिक आणि भावनिक त्रास हा तीव्र दमा, अपस्मार, मधुमेह, पाठदुखी किंवा संधिवात असलेल्या रुग्णांनी सांगितलेल्या त्रासाइतकाच निघाला. २०११ साली नॉर्वेतल्या ऑस्लोमधल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या ३,७७५ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी आपल्याला खूपच मुरूम आहेत असं सांगितलं, त्यांच्यातल्या जवळपास चौथ्या हिश्शाच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. मुलींमध्ये हे प्रमाण मुरूम नसलेल्या किंवा थोडेच असलेल्या मुलींच्या दुप्पट होतं, मुलांमध्ये तिपटीहून जास्त.

माझं लक्ष सगळ्यात जास्त वेधून घेतलं ते २०१८ सालच्या अभ्यासाने. ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या १९८६ ते २०१२ या काळातल्या लाखो नोंदी तपासल्या, तेव्हा मुरुमांचं निदान झालेल्यांमध्ये नैराश्याचा धोका पहिल्या वर्षात इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त दिसला. पुढे तो हळूहळू कमी होत जातो. म्हणजे ज्या वर्षी आपण ‘थांब, जाईल’ म्हणतो, नेमकं तेच वर्ष मनाला सर्वांत जड जातं.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. असे अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढंच सांगतात, एकीमुळे दुसरी झाली हे छातीठोकपणे सांगत नाहीत. मन आधीच खचलेलं असेल तर तीन पुटकुळ्याही तीस वाटू शकतात. ताणाने मुरूम वाढतात असाही पुरावा आहे: अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००३ साली २२ विद्यार्थ्यांची परीक्षेआधी आणि परीक्षेच्या काळात तपासणी केली, तेव्हा ज्यांचा ताण जास्त वाढला त्यांचे मुरूमही जास्त वाढलेले दिसले. म्हणजे हे चाक दोन्ही बाजूंनी फिरतं. पण यातून माझ्या म्हणण्याला बळच मिळतं. त्वचेवर औषध लावायचं आणि मनाकडे बघायचंही नाही, हा उपचार अर्धाच ठरतो.

आणि मनाकडे बघायचं म्हणजे पुटकुळ्या मोजायच्या नाहीत. संशोधकांना पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट घरातल्या आणि दवाखान्यातल्या माणसांच्या पचनी पडत नाही: मुरूम किती आहेत यावरून त्रास किती आहे हे ठरत नाही. चेहरा भरून फोड असलेला एखादा मुलगा मैदानावर मनसोक्त खेळत असतो, आणि हनुवटीवर चारच फोड असलेली मुलगी दोन महिने मैत्रिणींकडे फिरकलेली नसते. दुसरीला आपण म्हणतो, ‘काही दिसत पण नाहीत गं.’ तिला दिसतात. तिचा त्रास खरा की खोटा हे ठरवायला आपण तिच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि तिथेच चुकतो. तिने काय काय करणं सोडलं आहे ते बघायला हवं.

काय काय सुटतं ते मी जवळून सांगू शकतो. खोलीत शिरल्यावर मी आधी दिवा कुठे आहे ते बघायचो. प्रकाश समोरून आला तर चेहरा सपाट दिसतो, बाजूने आला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. म्हणून खिडकीजवळची जागा मी कधीच घेतली नाही. माझा उजवा गाल डाव्यापेक्षा बरा होता, त्यामुळे रस्त्याने जाताना मी नेहमी सोबतच्या माणसाच्या डाव्या हाताला चालायचो. जिवलग मित्राला इतक्या वर्षांत ते कळलं नाही. बोलताना हात आपोआप गालावर जायचा. समोरच्याची नजर माझ्या डोळ्यांवरून क्षणभर खाली हनुवटीवर घसरली की मी काय बोलत होतो तेच विसरायचो. लिफ्टमधल्या आरशाला पाठ करून उभं राहायचं, पण घरातल्या आरशापाशी दिवसातून वीसदा जायचं. सोळा ते चोवीस या वयातले माझे फोटो आठ-दहाच असतील. त्यातल्या दोनांत मी दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभा आहे.

दाढीचं कुणी बोलत नाही. सतराव्या वर्षी मला दाढी फुटली. वस्तरा फोडांवरून फिरवायचा की फोडांच्या कडेने, हा प्रश्न रोज सकाळी असायचा. वरून फिरवला की साबणाच्या फेसात लाल ठिपके उमटायचे. कागदाचे बारीक कपटे चिकटवून रक्त थांबायची वाट बघत मी न्हाणीघरात उभा राहायचो, बाहेरून हाका यायच्या. दाढी राखावी तर ती फोडांच्या बेटांमधून विरळ उगवायची. मुलींना निदान काहीतरी लावून झाकायची सोय असते, म्हणजे समाज त्यांना तेवढी परवानगी देतो. मुलगा कन्सीलर लावताना सापडला तर त्याची दुसरीच थट्टा सुरू होते. मुलग्यांना काय करायचंय दिसण्याशी, असं आपण म्हणतो. ऑस्लोमधली मुलग्यांची ती तिप्पट संख्या मी वाचली तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. बोलायची जागाच नसते त्यांना.

आणि ती रात्रीची गोष्ट. सगळे झोपले की आरशासमोर उभं राहायचं. आज हात लावायचा नाही असं ठरवूनच उभं राहायचं. मग एकच दाबून बघायचा, पिकलेला. मग त्याच्या शेजारचा, न पिकलेला. वीस मिनिटांनी चेहरा लालबुंद झालेला असायचा, नखाच्या चंद्रकोरी उठलेल्या असायच्या, आणि दाबताना जी विचित्र शांतता वाटत होती तिच्या जागी स्वतःबद्दल किळस आलेली असायची. हा फक्त माझाच वेडेपणा आहे असं मला वाटायचं. लुई ब्रॉक या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने १८९८ सालीच त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मुरूम खरवडत राहण्याची ही ओढ मनातून येते आणि तिच्यावर मनाचे उपचार आहेत. घरात मात्र तिच्यावर एकच उपचार असतो, ‘हात काढ तोंडावरचा!’

‘हे सगळं तुझ्या मनात आहे, लोक काही बघत नाहीत,’ असं प्रेमाने सांगितलं जातं. दुर्दैवाने लोक बघतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकांना किशोरवयीन मुलांचे फोटो दाखवले, काही मुरूम असलेले आणि काही नितळ त्वचेचे. मुरूम असलेला चेहरा लोकांना जास्त बुजरा, एकटा, तणावाखाली असलेला वाटला. मुलांनाही वाटला आणि मोठ्यांनाही. त्याच देशात २०२३ साली झालेल्या दुसऱ्या पाहणीत तर मुरूम दाखवलेल्या चेहऱ्याला अस्वच्छ, कमी हुशार, कमी विश्वासू अशी विशेषणं जास्त लागली. ब्रिटनमध्ये १९८६ सालीच असं आढळलं होतं की मुरुमांच्या रुग्णांमध्ये बेरोजगारीचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. तेव्हा मुरूम असलेल्या मुलाला आपल्याकडे नजरा वळतात असं वाटतं तो भ्रम नसतो. कदाचित त्याला वाटतात तितक्या वळत नसतील. पण त्याला जे जाणवतं ते खरंच घडत असतं, आणि ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून आपण त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही काढून घेतो.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मी स्वतःच गंभीरपणे घेतो. मुरुमांना एवढं महत्त्व दिलं की सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्यांचंच फावेल, नितळ त्वचा म्हणजेच सुंदर त्वचा हा समज आणखी घट्ट होईल, आणि वयात येण्याच्या साध्या प्रक्रियेलाही आपण रोग ठरवून बसू. ही भीती खोटी नाही. प्रत्येक फोटो गुळगुळीत करून देणाऱ्या फोनच्या काळात तर नाहीच. पण जरा बघा, ‘वयाचं आहे, जाईल’ ऐकून घरी परतलेलं मूल पुढे कुठे जातं? ते दुकानात जातं. जाहिरातीतलं फेसवॉश आणतं, कुणीतरी सुचवलेलं क्रीम लावतं. त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर चार दिवस चेहरा उजळ दिसतो आणि मग मुरूम दुपटीने उलटतात, त्वचा पातळ पडते. डॉक्टरांनी आणि घरच्यांनी हात वर केले की बाजार हात पुढे करतो. मुरुमांना आजार म्हणून वागवलं तरच हे थांबण्याची शक्यता आहे.

स्वतःला आहे तसं स्वीकारा, असं सांगणारेही आहेत. आपले फोड न झाकता फोटो टाकणाऱ्या मुलामुलींबद्दल मला मनापासून आदर आहे, मला तसं कधीच जमलं नसतं. पण स्वीकार ही ज्याची त्याने, त्याला जमेल तेव्हा करायची गोष्ट आहे. दुसऱ्याने ती लादली की तीही ‘जाईल’चीच बहीण होते: उपचार मागू नकोस, सहन कर.

खोल, व्रण पाडणाऱ्या मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाचं प्रभावी औषध आहे, अमेरिकेत त्याला १९८२ साली मंजुरी मिळाली. गरोदरपणात घेतलं तर बाळामध्ये गंभीर व्यंग निर्माण करणारं हे औषध, त्यामुळे ते डॉक्टरांच्या काटेकोर देखरेखीखालीच घ्यायचं असतं. त्याने नैराश्य येतं, आत्महत्येचे विचार येतात, अशी भीती अनेक वर्षं आहे आणि रुग्णाच्या मनःस्थितीवर लक्ष ठेवणं आवश्यकच आहे. पण स्वीडनमध्ये १९८० ते १९८९ या काळात हे औषध घेतलेल्या ५,७५६ जणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा एक वेगळीच गोष्ट पुढे आली. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण औषध सुरू होण्याच्या आधीपासूनच चढत होतं. औषधाचा वाटा किती यावर वाद होत राहील. मला मात्र त्या आधीच्या चढत्या रेषेबद्दल विचारायचं आहे. ती मुलं तेव्हाही कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी वर्गात, कुणाच्या तरी दवाखान्यात होतीच ना? औषधाच्या पाकिटावर इशारा छापला जातो, आजाराच्या बाबतीत तो कोण छापणार?

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. मुरूम घेऊन आलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारावं: झोप कशी आहे, कुठे जाणं टाळतोस का, याचा विचार दिवसभर डोक्यात असतो का? त्यासाठी नवं काही शोधावं लागत नाही. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली केवळ पाच प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, जेमतेम दोन मिनिटांची. उत्तरं जड निघाली तर मानसोपचाराची चिठ्ठी मलमाच्याच चिठ्ठीसोबत द्यावी. ब्रिटनच्या २०२१ सालच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये मुरुमांमुळे मानसिक त्रास होत असेल तर तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार करावा असं स्पष्ट म्हटलं आहे, तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही. त्याच सूचनांमध्ये आणखी एक साधी गोष्ट आहे: उपचारांचा फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, हे रुग्णाला आधीच सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक मलम दहा दिवसांत टाकून दिलं आणि प्रत्येक वेळी मनात नोंद केली की आपल्यावर काहीच लागू पडत नाही. एका वाक्याने माझी दोन वर्षं तरी वाचली असती.

शाळेत या विषयावर एक तास असावा आणि तो मुलांबरोबर शिक्षकांनीही ऐकावा. घरासाठी तर मागणी आणखी लहान आहे. चेहऱ्याबद्दल बोलू नका. ‘आज कमी दिसतायत’ हेसुद्धा नको, कारण त्याचा अर्थ तुम्ही रोज मोजता असा होतो. बोलायचंच असेल तर एकदाच, बाजूला घेऊन विचारा, ‘तुला याचा त्रास होतोय का? डॉक्टरांकडे जायचं का? मी येतो बरोबर.’ आणि उत्तर नाही आलं तरी दार उघडं ठेवा.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याला मी असंच विचारलं. तो पंधरा वर्षांचा आहे, गालांवर थोडेसेच मुरूम. दादा-वहिनींच्या मते काळजी करण्यासारखं काही नव्हतं. मला खटकलं ते एवढंच की कडक उन्हातही तो शर्टाच्या आत आणखी एक गडद टी-शर्ट घालत होता. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्याने खांदे उडवले. महिन्याभराने स्वतःच म्हणाला, ‘काका, जाऊ या.’

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी त्याच्या हातात तोच पाच प्रश्नांचा कागद दिला. मी बाहेर थांबू का, असं मी त्याला विचारलं. त्याने मानेनेच नको म्हटलं. पहिल्या दोन प्रश्नांवर त्याने झटकन खुणा केल्या. तिसरा प्रश्न इतरांसमोर कपडे बदलणं, पोहायला जाणं टाळता का, असा आहे. तिथे त्याचं पेन थांबलं. मग त्याने ‘कायम’वर खूण केली आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी तो सरळ करून वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘पाठ बघू दे.’ त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही शर्ट एकदमच वर उचलले. आतला टी-शर्ट दोन ठिकाणी चिकटला होता, तो त्याने हळूच, सवयीने सोडवला.